उलटा वाचलेला अंक

मित्रांनो, तुम्ही मला हातात घ्याल तेव्हा आधी उलटंच धराल, आणि मला त्याचा राग येणार नाही. सगळे तसंच धरतात. मी आहे चित्रकथांचा एक जुना जपानी साप्ताहिक अंक. अशा चित्रकथांना माझ्या देशात मांगा म्हणतात. जाडीला विटेएवढा, कागद कुठे हिरवट कुठे गुलाबी, आणि कोपरे असे झिजलेले की रद्दीवालासुद्धा नाक मुरडेल. तरी सांगतो, माझं घराणं काही लेचंपेचं नाही!

माझ्या कंपनीचं नाव त्सुकिमोरी. म्हणताना जीभ अडखळली तर अडखळू दे, प्रतापची तर अजून अडखळते. हा प्रताप कोण ते पुढे सांगतो. कंपनीचा इतिहास मला तोंडपाठ आहे, कारण मी तिच्या सत्तराव्या वर्षाचा खास अंक. पहिल्या रंगीत पानांवर तो सगळा छापलेला आहे.

महायुद्धात जळालेल्या तोक्योमध्ये हारू त्सुकिमोरी नावाच्या बाईंनी एका पडक्या गोदामात छपाईचं यंत्र लावलं. मुलांना गोष्टी हव्या होत्या, पण पुस्तक विकत घेण्याची ऐपत कोणाचीच नव्हती. म्हणून हारूबाई चित्रकथा छापून त्या भाड्याने देणाऱ्या दुकानांना पुरवायच्या. मुलं दुकानाच्या पायरीवरच बसून वाचायची आणि पुस्तक परत करून घरी जायची. पुढे कंपनीचं मासिक निघालं, आणि मग निघालं आमचं साप्ताहिक, 'मिनातो'. मिनातो म्हणजे बंदर. चित्रकारांची पानं वेळेवर येईनात, तेव्हा संपादक त्यांच्या दाराशी जाऊन बसायचे आणि पानं हातात पडल्याशिवाय हलायचे नाहीत. एक चित्रकार म्हणे मागच्या खिडकीतून पसार झाला, तर खाली गल्लीत हारूबाई स्वतः उभ्या!

प्रत्येक गोष्ट ऐन रंगात आली की थांबवायची आणि खाली छापायचं, 'पुढे चालू'. मुलांना वाट पाहायला लावणं हाच आमचा धंदा होता म्हणा ना. पण हारूबाईंचा एक दंडक होता. वाट पाहायला लावायची, तर ठरल्या दिवशी हजर व्हायचं. एका वर्षी पुराचं पाणी छापखान्यात शिरलं. त्या सोमवारी अंक निघाला तो अगदी वडापावच्या पुडीएवढा किरकोळ, शाईचे डाग पडलेला. पण सोमवारीच निघाला. कंपनीत ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत असत.

आमच्या घराण्यात कोणी म्हातारं होत नाही. सोमवारी जन्म, दोन-चार दिवस कौतुक आणि मग रद्दी. त्या रद्दीचा लगदा करून पुन्हा नवे अंक. माझंही तेच व्हायचं, पण कुरोदासान नावाच्या इंजिनियरने मला आपल्या बॅगेत टाकलं आणि मी विमानाने थेट कुवेतला उतरलो. एका रिफायनरीत नवे कॉम्प्रेसर बसवायला त्यांना पाठवलं होतं. तिथे त्यांच्याबरोबर काम करणारा इंजिनियर म्हणजे आपला प्रताप. मूळचा नाशिकचा. काम संपवून निघताना कुरोदासाननी त्याला चहाची किटली, एक छत्री आणि मी, असे तिघे दिले. कुवेतमध्ये छत्रीचं काय काम, देव जाणे. मला देताना मात्र ते म्हणाले की, तुझ्या मुलीसाठी.

प्रतापची मुलगी जुईली तेव्हा पाच वर्षांची होती आणि नाशिकला होती. तिच्या आईला, चारुशीलाला, तिथल्या कॉलेजात शिकवायची नोकरी लागली होती, म्हणून दोघी परत गेल्या होत्या. प्रताप कुवेतमधल्या अबू हलीफा या भागातल्या फ्लॅटमध्ये एकटाच मागे राहिला. खिडकीतून समुद्र दिसायचा, समुद्रात तेलाची जहाजं उभी असायची, आणि तो दर शुक्रवारी दुपारी, सुट्टीच्या दिवशी, जुईलीला व्हिडिओ कॉल लावायचा. सुरुवातीला ती फोनसमोर टिकायची नाही. दोन मिनिटांत पळून जायची. मग प्रतापने युक्ती काढली. त्याने मला फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हणाला, चल, गोष्ट वाचू.

आता गंमत ऐका. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. तुम्ही ज्याला शेवटचं पान म्हणाल, ते आमचं पहिलं. प्रतापला हे कुठलं ठाऊक? त्याने मला मराठी पुस्तकासारखं उघडलं आणि माझ्या पाठीवरच्या जाहिरातीत जो घड्याळवाला माणूस आहे, त्यालाच नायक करून टाकलं! सबंध कुवेत उजवीकडून डावीकडे वाचतो. बकाल्याची, म्हणजे वाण्याच्या दुकानाची पाटी तशी, दह्याचा डबा तसा, त्याच्या स्वतःच्या अकाम्याचा, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याचा कागद तसा. पण हा गृहस्थ इतकी वर्षं राहून अरबी आकड्यांपलीकडे गेला नव्हता.

माझ्यातली शेवटची गोष्ट, म्हणजे त्याच्या मते पहिली, एका खलाशाची आहे. प्रताप ती मागून पुढे वाचायचा. अक्षरं कळत नव्हती, तेव्हा चित्रं पाहून मनाने सांगायचा. समुद्रात दूर एक ठिपका दिसतो. ठिपक्याचं जहाज होतं. जहाज धक्क्याला लागतं. धक्क्यावर एक मुलगी हात हलवत उभी आहे, तिच्या डोळ्यांत पाणी आहे. का रडतेय, असं जुईलीने विचारलं, तेव्हा प्रताप म्हणाला की बाबा आला ना, म्हणून आनंदाने रडतेय. मग बाबा घरी येतो, पेटी उघडून एकेक वस्तू बाहेर काढतो, आणि सगळे मिळून जेवायला बसतात. संपली गोष्ट.

जुईलीला ती गोष्ट इतकी आवडली की दर शुक्रवारी तीच हवी. पेटीतून दर वेळी वेगळी वस्तू निघायची. कधी खजूर, कधी बोलणारा पोपट. माझ्यात इतर गोष्टी होत्या, तलवारबाजी होती, भुतं होती, पण त्यांना कोणी हात लावला नाही. मीही कुरकुर केली नाही. पान उलटताना पलीकडून ते गोड हसू ऐकू यायचं, आणि मला वाटायचं, एकदा तरी या मुलीच्या हातात पडावं. माझी पानं तिने स्वतः उलटावीत. तिने मला नेहमी काचेतून पाहिलं. तिचा हात कसा आहे, गरम की गार, हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते जाणून घ्यायची मला फार ओढ लागली होती.

गोष्ट संपली की जुईली विचारायची, तू कधी येणार? सुट्टीवर नाही, कायमचा. आणि प्रताप म्हणायचा, पुढच्या दिवाळीला. अशा कितीतरी पुढच्या दिवाळ्या आल्या आणि गेल्या. शुक्रवारच्या गोष्टीसाठी मला इथेच ठेवून तो महिनाभर जाऊन यायचा आणि करार वाढवायचा. जुईली मोठी होत होती. आता ती बारा वर्षांची झाली. गोष्ट ऐकायचं वय उलटलं, तरी शुक्रवारी ती गोष्ट मागायची. मला वाटतं, गोष्टीपेक्षा तिला शेवटचा प्रश्न विचारायचा असायचा.

याच वर्षीची गोष्ट. शेजारच्या फ्लॅटमध्ये मुनव्वर राहतात, रत्नागिरीकडचे, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात आहेत. त्यांची बायको बानू शुक्रवारी काही खास केलं की प्रतापला ताट पाठवते. त्या दिवशी सांदणं घेऊन त्यांची मुलगी युसरा आली. दहावीत आहे, बोलायला चुरूचुरू. कॉल चालू होता, प्रताप मला कॅमेऱ्यासमोर धरून जहाज धक्क्याला लावत होता. युसरा क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली,

"अंकल, यू आर रीडिंग इट बॅकवर्ड्स. मांगा राइट साइडने सुरू होतो. आमचं कुराण असतं ना, तसं."

प्रताप म्हणाला, असं कसं? तर तिने मला त्याच्या हातून घेतलं, पालथं केलं आणि खरं मुखपृष्ठ वर आणलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला सरळ धरलं होतं. सुखावलो मी, खोटं कशाला बोलू? पण पलीकडून जुईली सगळं ऐकत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

तिने विचारलं, "म्हणजे तो बाबा येत नाहीये? जातोय?"

प्रताप गडबडला. जेवण गार होतंय, पुढच्या शुक्रवारी नीट वाचू, असं काहीबाही बोलून त्याने फोन ठेवला. सांदणं तशीच राहिली.

त्या आठवड्यात युसरा दोनदा येऊन गेली. फोनचा कॅमेरा माझ्या पानांवर धरून ती जपानी मजकुराचा इंग्रजी अर्थ काढायची आणि प्रतापला सांगायची. त्यातच तिने आमच्या कंपनीचा शोध घेतला. मिनातो साप्ताहिक तीन वर्षांपूर्वी बंद झालं होतं. आता त्सुकिमोरीच्या चित्रकथा फक्त फोनवर येतात. मला पुढचा अंक कधी भेटलाच नाही, आणि आता तर आमच्यातलं कोणीच जन्माला येणार नाही. माझ्या घड्या कशा आवळल्या, ते मलाच ठाऊक. पण युसराने शेवटच्या अंकातली एक ओळ वाचून दाखवली. कंपनीने पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं की, पुढच्या सोमवारी अंक येणार नाही, कृपया दुकानात फेरी मारू नका. प्रतापने ती ओळ तिला पुन्हा वाचायला लावली.

शुक्रवार आला. जुईली फोनसमोर आधीच बसून होती. प्रतापने मला सरळ धरलं आणि गोष्ट पहिल्यांदाच सरळ वाचली. सगळे जेवायला बसले आहेत. मग बाबा पेटी भरतो. मग धक्का, आणि धक्क्यावर ती मुलगी. त्याचे अंगठे माझ्या कडांवर घट्ट रुतले होते.

जुईली म्हणाली, "मला वाटायचंच. ती आनंदाने रडत नाहीये, हे कळायचं मला. पण तू सांगायचास म्हणून मी ऐकायचे." मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला. "दिवाळीला कायमचा येणार आहेस ना?"

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य त्या घटकेला कानात आलं. 'येतो की,' एवढं म्हटलं की सुटला. मी ते वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की तो म्हणेलच असं मला वाटलं.

"नाही," प्रताप म्हणाला. "या दिवाळीला नाही. मी अजून दोन वर्षं राहणार आहे. जुई, मला भीती वाटते गं. या वयात नाशिकला मला कोण काम देईल, कळत नाही. म्हणून दर वर्षी राहतो आणि तुला पुढच्या वर्षीचं सांगतो."

जुईली फोनसमोरून उठून गेली. पडद्यावर नुसती भिंत आणि रिकामी खुर्ची दिसत राहिली. चारुशीलाचा हळू आवाज ऐकू आला, काय म्हणाली ते कळलं नाही. प्रतापने फोन बंद केला नाही. मला छातीशी धरून तो बसून राहिला. पुष्कळ वेळाने जुईली परत आली. नाक लाल झालं होतं.

"भीती वाटते, तर तसं सांगायचं ना, बाबा. मी दर वर्षी मैत्रिणींना सांगते की तू येणार, आणि मग त्या मला विचारत बसतात." मग तिने विचारलं, "दोन म्हणजे दोनच?"

प्रताप म्हणाला की दोनच. आधी जमलं तर आधी येईन. आणि नाही जमणार असं दिसलं, तर दिवाळीची वाट न बघता त्याच दिवशी तुला फोन करीन. तिने यावर नुसती मान डोलावली. तिला गोंजारायला बिचारा काय करणार? हाताशी मीच होतो. म्हणाला, मुनव्वरभाई पुढच्या महिन्यात गावी चाललेत, त्यांच्याबरोबर हे पुस्तक तुला पाठवून देतो.

मी मोहरून गेलो. तिचे हात! इतक्या वर्षांनी!

पण जुईलीने मान हलवली. "नको पाठवूस. तूच घेऊन ये."

काय सांगू तुम्हाला, मला रडू येत असतं तर मी धक्क्यावरच्या त्या मुलीसारखा रडलो असतो, आणि कशाने ते मलाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी प्रतापने माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. कुवेतची बारीक धूळ तिच्यावर थराने बसली होती. ती त्याने ओल्या फडक्याने पुसली. मला धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं आणि रिकाम्या बॅगेच्या तळाशी ठेवलं. निघायला दोन वर्षं आहेत, पण भरायला त्याने सुरुवात केली आहे. हल्ली दर शुक्रवारी तो बॅग उघडतो, मला बाहेर काढतो आणि दोघं मिळून माझ्यातल्या दुसऱ्या गोष्टी वाचतात, सरळ बाजूने. भुतांची जुईलीला आवडली.

मित्रांनो, जुन्या अंकांना ओलीपासून, उन्हापासून जपा, कोपरे दुमडू नका, हे तुम्हाला शाळेत सांगितलं असेलच. ते कराच. पण माझं मागणं निराळं आहे. तुमचं कोणी दूर असेल, तर त्याला खरा दिवस विचारायला भिऊ नका. आणि कोणी तुमची वाट पाहत असेल, तर त्याला खरा दिवस सांगा. दिवस ठाऊक नसेल, तर ठाऊक नाही असं सांगा. जुईली त्या शुक्रवारी खूप रडली, हे मला नंतर चारुशीलाच्या बोलण्यातून कळलं. पण त्यानंतर तिने 'तू कधी येणार' हा प्रश्न बाबाला एकदाही विचारला नाही. आता ती त्याला आठवडाभरात काय काय झालं ते विचारते.