तो आवाज माझा नव्हता

मी लॅम्प रेकॉर्ड्सचा टेपरेकॉर्डर बोलतोय. कॅसेटचा नव्हे बरं का. जेवणाच्या ताटाएवढी दोन रिळं अंगावर घेऊन फिरवणारा, उचलायला दोन माणसं लागणारा. जन्माने मी जपानी. वाढलो सामोअन भक्तिगीतांत. मराठी शिकलो ती म्हातारपणी, माओरींच्या देशातल्या पोरिरुआ शहरात, एका गॅरेजमध्ये. ज्याच्या घरी राहायचं त्याची भाषा यायला हवी, आणि ऐकणं हा तर माझा जन्मभराचा धंदा.

लॅम्प रेकॉर्ड्सचं नाव तुम्ही ऐकलं नसेल. मोठ्या दुकानांत आमच्या तबकड्या कधी लागल्याच नाहीत. रविवारी प्रार्थना सुटली की चर्चच्या दारात उभ्या असलेल्या एका मोटारीची डिकी उघडायची, आणि तेच आमचं दुकान. कंपनीचा मालक, हमाल, ध्वनिमुद्रक, विक्रेता सगळा एकच माणूस. त्याचं नाव इओसेफो.

इओसेफो सामोआ बेटांवरून आलेला. आठवडाभर मोटारींच्या कारखान्यात दारं बसवायचा आणि शनिवारी मला घेऊन गाणी टिपायला निघायचा. एका रेडिओ केंद्राने मला मोडीत काढलं होतं. तिथून त्याने मला उचललं, स्वतः उघडलं, पुसलं, चालू केलं. रेडिओवर मी बातम्या आणि जाहिराती ऐकून कंटाळलो होतो. पहिल्यांदा जेव्हा चर्चच्या पत्र्याच्या सभागृहात चाळीसेक माणसांनी एकदम तोंड उघडलं, तेव्हा माझ्या आवाज मोजणाऱ्या काट्यांनी अशी उसळी घेतली की इओसेफो घाबरून बटणाकडे धावला. मी घाबरलो नव्हतो. मला आपण कशासाठी जन्मलो ते त्या दिवशी कळलं होतं.

त्यानंतर मी काय काय ऐकलं! सामोअन, टोकेलाउ, माओरी, कुक बेटांवरची मंडळी. रात्रपाळी करून आलेले बाप्ये, पिठाने हात पांढरे झालेल्या बायका, आईच्या मांडीवर पेंगणारी पोरं. यातल्या कुणाला नोटेशन वाचता येत नव्हतं; पण चार चार सुरांत गायचे, आणि कुणाचा सूर कुणाच्या पायावर पडत नसे. त्या गाण्यांसाठी देशात कुणी दुसरं यंत्र लावलं नव्हतं. मी लावला गेलो होतो. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवणार नाही.

त्या गायकांत एक लुपे होती, इओसेफोची बायको. तिचा आवाज वरच्या पट्टीतला, धारदार. इओसेफोला मात्र देवाने गळाच दिला नव्हता. "याचा आवाज म्हणजे गंजलेलं बिजागर," ती चारचौघांत म्हणायची. "मी लग्न केलं ते याच्या कानांशी."

पुढे कारखाना बंद पडला. कॅसेट आली, मग सीडीच्या चकत्या आल्या. लॅम्प रेकॉर्ड्सचा दिवा विझला आणि मी त्यांच्याच गॅरेजात मासेमारीच्या काठ्या आणि जुन्या चटया यांच्यामध्ये जाऊन बसलो. अंगावर गोधडी, गोधडीवर मांजर. माझं झाकण उबदार नसतं हे त्या मांजराला कुणी सांगितलं नव्हतं. बरीच वर्षं गेली. मग इओसेफोही गेला. गॅरेजात त्याची पावलं वाजेनाशी झाली, तेव्हाच मला ते कळलं.

आता अनुराधाविषयी सांगायला हवं. अनुराधा पुण्याची, इथल्या रुग्णालयात नर्स. लुपेआंटीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आंटी अनुराधाच्याच वॉर्डात होती. व्यायाम करताना दुखायला लागलं की आंटी ओरडायची नाही, गायची. अनुराधाने एकदा विचारलं, "आंटी, हे कुठलं गाणं?" त्यावर आंटी म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या कंपनीचं." झालं. अनुराधाचा नवरा देवव्रत संगणकातला इंजिनिअर, जुन्या आवाजांचा वेडा. पुढच्याच शनिवारी तो आणि त्याचा एक मित्र मला दोन बाजूंनी धरून, कण्हत कण्हत, आपल्या गॅरेजात घेऊन आले. बरोबर रिळांची खोकीही आली.

देवव्रतने मनावर घेतलं होतं ते असं: लॅम्प रेकॉर्ड्सचं प्रत्येक गाणं संगणकात उतरवायचं, कुठे गायलं, कुणी गायलं, काय वाजवलं ते सगळं नोंदवून ठेवायचं. पण आंटीची निकड वेगळी होती. तिचा मुलगा तिला कायमची ब्रिस्बेनला नेणार होता. घर विकलं गेलं होतं. इओसेफोची कबर इथेच, टेकडीवर राहणार होती.

"मला सगळी गाणी नकोत, बॉय," ती देवव्रतला म्हणाली. "जॉर्डन नदीचं तेवढं एक दे. ज्यात मी एकटी गाते ते. ते घेऊन मी जाईन."

ते रीळ बघून देवव्रतने कपाळाला हात लावला. जुन्या टेपेवरचा डिंक दमटपणाने चिकट होतो आणि चालवताना आवाजाचा थरच सुटून येतो. उपाय एकच, टेप मंद उबेवर तासन्‌तास सुकवायची. तशी ऊब देणारं यंत्र घरात एकच होतं. इथल्या वाऱ्यापावसात वाळवण होत नाही म्हणून अनुराधाने सांडग्यांसाठी घेतलेलं.

"माझ्या सांडग्यांच्या यंत्रात टेप?" अनुराधा म्हणाली. "उद्या आमटीला प्लास्टिकचा वास आला तर तू खायचीस सगळी."

"अगं, भक्तिगीत आहे. पुण्य लागेल."

"पुण्य त्यांना लागेल. भांडी मला घासायची आहेत."

टेप सुकली. देवव्रतने ती माझ्यावर चढवली, मला संगणकाला जोडलं आणि इतक्या वर्षांनी मी पुन्हा गायलो. त्यांची मुलगी वल्लरी दारात येऊन उभी राहिली. "बाबा, दॅट्स हीप्स ऑफ पीपल!" म्हणाली, आणि हातातलं आइसक्रीम वितळेपर्यंत तिथेच थांबली.

देवव्रत मात्र कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. "गाण्याखाली काहीतरी धप्‌ धप्‌ वाजतंय," तो म्हणाला. "यंत्रात दोष आहे."

माझ्यात दोष! त्याने मला उघडलं, पट्टे बदलले, मोटरीला तेल दिलं. थोडी टेप पुन्हा लावून पाहिली, तर धप्‌ धप्‌ होतीच. "एका लयीत येतंय," तो अनुराधाला समजावत होता, "म्हणजे काहीतरी फिरता फिरता आपटतंय. बेअरिंग गेलंय बिचाऱ्याचं." इंजिनिअरच्या हिशोबाने बरोबर होतं. पण मला बिचारा म्हणालेलं मुळीच आवडलं नाही.

अहो, तो आवाज माझा नव्हता. तो इओसेफोचा होता. त्या चर्चच्या पास्टरांना सभागृहात ढोल चालत नसे. मग मागच्या रांगेला ताल कसा कळणार? म्हणून इओसेफो कानांवर हेडफोन लावून माझ्याजवळ उभा राहायचा आणि लाकडी जमिनीवर टाचेने ठेका द्यायचा. मायक्रोफोनची काठीही त्याच जमिनीवर. त्याला गळा नव्हता, पण लॅम्प रेकॉर्ड्सच्या प्रत्येक गाण्यात तो होता, तळाशी. मला हे ओरडून सांगायचं होतं. पण मला तोंड आहे ते दुसऱ्यांच्या आवाजापुरतंच.

देवव्रतने संगणकात तो ठेका वेचून वेचून काढला. पत्र्यावरचा पाऊस काढला, खोकला काढला, बाळाचं रडणं काढलं. आणि 'सदोष' प्रत चुकून कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून पुसूनही टाकली.

शनिवारी सकाळी आंटी काठी टेकत आली. अनुराधाने तिला खुर्ची दिली, चहा दिला. देवव्रतने मोठ्या उत्साहाने गाणं लावलं. आंटी डोळे मिटून ऐकत होती. गाणं संपलं तरी तिने डोळे उघडले नाहीत.

"फार स्वच्छ केलंस, डार्लिंग," ती म्हणाली. "घर विकायला काढल्यावर करतात तसं."

देवव्रतला कळेना हे कौतुक की काय.

"तो कुठे गेला?" तिने विचारलं.

"कोण, आंटी?"

"माझा नवरा."

"पण… ते तर गात नव्हते ना?"

आंटीने काठी उचलली आणि जमिनीवर आपटली. धप्‌. पुन्हा, धप्‌. "हा," ती म्हणाली. "हा कुठे गेला?"

देवव्रतच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. माझी बेअब्रू पुसली गेली होती, मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. तो चांगला माणूस आहे.

"कच्ची प्रत?" अनुराधाने हळूच विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. "ऑफिसात एका फाइलीच्या दहा प्रती ठेवतोस, देवा! आणि इथे नेमकी…"

देवव्रतने आंटीला काही न लपवता सांगितलं. टेपेचा थर आधीच सुटायला लागलाय. पुन्हा लावली तर मध्येच सगळं खरवडून जाईल, मग उरेल ती कोरी पट्टी. परदेशात एक तज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडे पाठवता येईल, पण महिने लागतील.

"गुरुवारी माझं विमान आहे."

"तिकडे पाठवीन ना, आंटी."

"माझं वय बघितलंस का?" ती हसली. "याच्यावरच लाव. याने त्याला ऐकलंय."

"पण गेलं तर? तुमचा एकटीचा मूळ आवाज आहे त्यात."

"मी इथे बसलेय, बॉय. मला मी कशाला हवी?"

टेप पुन्हा सांडग्यांच्या यंत्रात गेली. या वेळी अनुराधाने स्वतः लावली, आणि ऊब वाढत तर नाही ना, हे बघायला सारखी उठत होती. मंगळवारी आंटी परत आली. देवव्रतने माझं नाकतोंड स्पिरिटने पुसलं, संगणकातल्या सगळ्या गाळण्या बंद केल्या आणि बटण दाबलं.

मी आयुष्यात इतकं हलक्या हाताने काही धरलं नव्हतं. ओढावं तर तुटेल, सोडावं तर घसरेल. गाणं सुरू झालं, आणि खाली तो ठेका. धप्‌, धप्‌. आंटीने काठी मांडीवर आडवी घेतली.

दुसऱ्या कडव्याला माझ्या तोंडाशी तपकिरी भुकटी साचायला लागली. टेप कुरकुरली. देवव्रतचा हात बटणाकडे गेला.

"हात मागे," आंटी म्हणाली.

मग तिचं कडवं आलं. सगळे थांबले, तरुण लुपेचा आवाज एकटाच वर चढला. खाली धप्‌, धप्‌, आणि मग ठेकाच नाही. आवाज वर, आणखी वर, खाली काहीच नाही. देवव्रतने घाबरून माझ्याकडे पाहिलं, थर सुटला की काय. मग एकदम, उशिरा, घाईघाईने, धप्‌.

आंटी खो खो हसायला लागली. डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय. "चुकला! दर वेळी इथेच चुकायचा! मी त्याला म्हणायचे, अरे, मागची रांग तालाबाहेर पडते ना तुझ्यामुळे!"

का चुकायचा ते मला माहीत आहे. मी त्याच्या शेजारीच होतो. ती गायला लागली की त्याची टाच वर उचललेली तशीच हवेत राहायची.

गाणं पूर्ण झालं. टेप माझ्यावरून उतरली तेव्हा जागोजागी आरपार दिसत होतं. ती आता कधीच वाजणार नाही. पण जे द्यायचं ते तिने दिलं होतं, आणि मी ते न सांडता पोचवलं होतं. एवढं मला म्हणू द्या.

देवव्रतने त्याच दिवशी तीन ठिकाणी प्रती ठेवल्या. मग नोंद करायला बसला. "वाद्यांत काय लिहू, आंटी? त्यांचं नाव घालू?"

"नाव नको. त्याने कुणाचंच नाव कधी छापलं नाही. म्हणायचा, नाव छापलं की माणूस स्वतःसाठी गातो. वरून ओरडेल माझ्यावर."

म्हणून लॅम्प रेकॉर्ड्सच्या त्या नोंदीत आज लिहिलेलं आहे: वाद्ये – गिटार, युकुलेली, टाच.

आंटी ब्रिस्बेनला गेली. मी देवव्रतच्याच गॅरेजात आहे. अंगावर गोधडी नाही, मांजर नाही. खोक्यांत अजून पुष्कळ रिळं आहेत, आणि देवव्रतची कामाची रीत बदलली आहे. आता रीळ लावण्याआधी तो त्या गायकांच्या घरच्यांना शोधतो, चहाला बोलावतो, माझ्यासमोर बसवतो. ते सांगतात, हा खोकला आजोबांचा, ही रडणारी मी. तो ते सगळं लिहून घेतो. काही म्हणता काही पुसत नाही.

तुमच्याही घरात कुणाचे जुने आवाज पडून असतील. ते साफ करायला घ्याल तेव्हा घाई करू नका. आधी कुणा जाणत्याला शेजारी बसवा. जे खरखरतंय, आपटतंय, चुकतंय, ते कुणाचं आहे एवढं विचारा.

आता मला रजा द्या. हॅमिल्टनजवळच्या रोटोटुनाहून एक कुटुंब यायचं होतं, बाहेर त्यांची गाडी लागल्यासारखी वाटतेय. अनुराधाने चहाचं आधण ठेवलंय. देवव्रत माझं झाकण उघडतोय, आणि आजचं रीळ टोकेलाउ बायकांचं आहे. त्या सुरुवातीलाच इतक्या जोरात गातात की काटे आधीपासून सावरून धरावे लागतात.