माळ्यावरची कुऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुनी कुऱ्हाड आहे. पण मी जन्मात एकही झाड तोडलेलं नाही. तोडलं ते एका घराचं छप्पर. दुसरं तोडायला घेतलं होतं, ते अर्धवट राहिलं. त्या अर्धवट राहिलेल्या छपराचीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. पण म्हाताऱ्या बायकांसारखी माझीही गोष्ट पहिल्यापासून सुरू होते, तेव्हा जरा धीर धरा.

भट्टीतला जाळ आणि ऐरणीवरचे घाव मला अंधुक आठवतात. चिवट लाकडाचा पिवळसर दांडा माझ्या नेढ्यात ठोकून बसवला आणि मी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात एका हार्डवेअरच्या दुकानात टांगली गेले. तिथून मला अल्सीडने घेतलं. तो गोदीत मालाची पोती उचलायचा. बेट्सी नावाचं वादळ नुकतंच येऊन गेलं होतं. कालव्याचा बांध फुटला आणि आमच्या वॉर्डातली काळ्या लोकांची घरं छपरापर्यंत बुडाली. माणसं पाण्याला भिऊन छपराखालच्या माळ्यावर चढली, आणि पाणी त्यांच्या मागोमाग माळ्यावर आलं. वर छप्पर, खाली पाणी, मधे माणूस. अल्सीडचा थोरला भाऊ तसाच गेला.

त्या वर्षापासून आमच्या वॉर्डात रीत पडली. घर बांधा, घर भाड्याने घ्या, माळ्यावर एक कुऱ्हाड हवीच. बांध फुटला नाही, गोऱ्यांची वस्ती वाचवायला तो मुद्दाम फोडला, असं पुष्कळजण म्हणायचे. खरं काय ते मला ठाऊक नाही. मी तेव्हा दुकानात होते. पण ज्यांना अशी शंका येते ते लोक कुणाच्या भरवशावर राहत असतील, ते तुम्हीच ओळखा.

अल्सीडने माळ्यावर दोन खिळे ठोकले आणि मला त्यांवर आडवी ठेवली. त्याची बायको लिओंटीन शिडीच्या खाली उभी होती.

"लोक भिंतीवर येशूची तसबीर लावतात," ती म्हणाली, "आणि माझा नवरा बघा काय लावतोय!"

"तसबीर खालीच राहू दे," अल्सीड म्हणाला. "तो पाण्यावरून चालतो. आपल्याला जमायचं नाही."

दर उन्हाळ्याच्या तोंडाशी, वादळांचे महिने लागायच्या आधी, अल्सीड वर यायचा. दांड्याला तेल चोळायचा, पात्याला धार द्यायचा. मला उलटी धरून दांड्याचं बूड तुळईवर आपटायचा, म्हणजे माझं डोकं दांड्यावर घट्ट बसे. मग कपाळावरचा घाम पुसून म्हणायचा, "झोप आता. उठायची वेळ न येवो."

मी झोपत नसे. वादळाच्या दिवसांत छपराच्या फळ्या करकरू लागल्या की माझ्या पात्यात थंडी भरायची. पण बाकीचे दिवस काय गोड होते! खालून सोमवारच्या राजमा-भाताचा वास यायचा. लिओंटीन गात गात इस्त्री करायची. कर्टिसचा जन्म, त्याची रडारड, पुढे त्याच्या लग्नातला ट्रंपेट, सगळं मी छताच्या फटींतून ऐकलं. अल्सीडची प्रेतयात्राही ऐकली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे जाताना बँड हळू वाजत होता आणि येताना जोरात.

अल्सीड गेला आणि माझं तेल-पाणी बंद झालं. लिओंटीनचे गुडघे शिडी चढू देईनात. कर्टिसला बसगाड्यांच्या दुरुस्तीतून सवड मिळेना. माळ्यावरच्या उन्हात माझा दांडा सुकत गेला, आकसत गेला आणि माझं डोकं सैल झालं. कुणाला कळलं नाही. वर कोण बघायला येतंय?

आमच्या शेजारच्या घरात पर्सी राहायचा. सगळे त्याला मिस्टर पर्सी म्हणत. सैन्यातून आणि नंतर टपालखात्यातून निवृत्त झालेला, कडक इस्त्रीचा माणूस. ओसरीवर रोज झेंडा लावायचा. कालव्याला काँक्रीटची नवी भिंत झाली तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये सरकारचा एक साहेब येऊन सगळ्यांना सांगून गेला होता, आता निर्धास्त राहा. पर्सी निर्धास्त झाला. त्याने आपली कुऱ्हाड माळ्यावरून खाली आणली आणि मासे तळायच्या दिवशी तिने सरपण फोडू लागला. पुढे ती परसातल्या खोपटातच राहिली.

ओसरीवर बसून तो लिओंटीनला चिडवायचा. "काय मिस लिओंटीन, वरची पाहुणी काय म्हणते?"

"म्हणते, शेजारच्या घरात माझी बहीण होती, तिला त्या म्हाताऱ्याने मोलकरीण केली."

"अहो, भिंत बघितली का? सरकारने बांधलीय. मी त्याच सरकारचा गणवेश घातलाय, मला माहीत आहे."

"गणवेश तुम्ही सरकारचा घातलात हो," लिओंटीन म्हणायची, "पण सरकारने कधी तुमचा सदरा घालून बघितलाय का?"

पर्सी खो खो हसायचा. ते हसू मला अजून ऐकू येतं.

मग ते ऑगस्टचे दिवस आले. मोठं वादळ येतंय, शहर सोडून जा, असा हुकूम निघाला. ज्यांच्या गाड्या होत्या ते गेले. कर्टिसची बायको मुलीला घेऊन माहेरच्यांच्या गाडीत कशीबशी दाटून गेली, पण कर्टिसची स्वतःची गाडी बिघडून पडली होती. सरकारी बस येणार असं ऐकून तो, लिओंटीन आणि पर्सी सामान घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर जाऊन बसली. दिवस कलला, वारा वाढला, बस आली नाही. तिघं परत आली.

"येईल," पर्सी म्हणाला. "उशीर झाला असेल. सरकार आहे, विसरणार नाही."

"विसरायला आधी आठवावं लागतं," लिओंटीन म्हणाली आणि दार लावून घेतलं.

रात्रभर वारा घराला धरून हलवत होता. उजाडल्यावर तो जरा कमी झाला, आणि तेवढ्यात कालव्याच्या बाजूने असा आवाज आला की मी खिळ्यांवर थरथरले. भिंत गेली होती. पाणी रस्त्यावरून धावत आलं. खाली खुर्च्या भिंतींवर आपटू लागल्या, फ्रीज आडवा झाला. कर्टिसने आईला जवळजवळ खांद्यावर घेऊन शिडी चढवली. त्यांच्या मागे शिडीची एकेक पायरी काळ्या पाण्यात बुडत होती.

कर्टिसने मला उचललं आणि छपरावर घाव घातला. माझं डोकं दांड्यावर लटपटलं. दुसऱ्या घावाला मी निसटून पाण्यात पडता पडता राहिले.

"आई, ही सैल झालीय! हिचं डोकं निघतंय!"

पाणी माळ्याच्या फळ्यांवर आलं होतं. लिओंटीनने डोक्याचा रुमाल ओढून काढला आणि दातांनी फाडला. "ही चिंधी नेढ्यात कोंब. आता उलटी धर. बूड तुळईवर आपट! तुझा बाप आपटायचा तसं!"

"जमत नाही गं!"

"जमेल. तो उन्हाळ्याच्या उन्हालाच शिव्या देत आपटायचा. तू पण दे शिव्या, मी ऐकत नाही."

कर्टिसने शिव्या दिल्या आणि आपटलं. माझं डोकं बोटभर वर सरकलं आणि चिंधीला घट्ट चावून बसलं. मग आम्ही दोघं छपरावर तुटून पडलो. फळ्या फुटल्या, डांबरी कागद फाटला आणि एकदम माझ्या तोंडावर उजेड पडला. चाळीस वर्षांनी मी आकाश पाहिलं. मित्रांनो, ते सुंदर नव्हतं. खाली आमचा वॉर्डच नव्हता. नुसती छपरं होती, आणि त्यांच्यामध्ये पाणी.

भोकातून बाहेर येऊन आम्ही छपरावर बसलो, उन्हाने छप्पर तापलं. हेलिकॉप्टरं डोक्यावरून गेली. लिओंटीनने फाटका रुमाल हलवला, हेलिकॉप्टरं पुढे निघून गेली. मग आवाज आला. ठक. ठक. ठक.

शेजारच्या छपरातून, आतून.

"मिस्टर पर्सी!" कर्टिस ओरडला.

ठक ठक ठक ठक. आणि अगदी बारीक हाक. त्याची कुऱ्हाड परसातल्या खोपटात होती, आणि ते खोपटं आता कुठे वाहून गेलं होतं कोण जाणे.

कर्टिसने मला कमरेच्या पट्ट्यात खोचलं आणि दोन घरांमधलं पाणी पोहून गेला. पर्सीच्या छपरावर चढून त्याने घाव घातला. एक फळी चिरली. आतून पर्सीचा आवाज आला, "हळू रे, डोकं माझं आहे!" बोलताना त्याला धाप लागली होती. तरी चेष्टा करत होता.

तेवढ्यात बोट आली. लिओंटीन आनंदाने ओरडली. बोटीत गणवेशातले गोरे जवान होते, हातांत बंदुका होत्या. त्यांनी काय पाहिलं असेल? एक काळा माणूस, हातात कुऱ्हाड, पाय दुसऱ्याच्या छपरावर. सगळ्या बंदुका वर झाल्या.

"टाक ती! टाक खाली!"

"साहेब, आत माणूस आहे! म्हातारा आहे!"

"हत्यार टाक! हात वर!"

कर्टिसने माझा दांडा सोडला नव्हता. त्याची भीती मला त्याच्या तळव्यातून कळत होती. वादळात तो एवढा भ्यायला नव्हता. एक घाव, फक्त एक घाव घातला असता तर फळी निघाली असती. पण हात उचलला की गोळी सुटणार, हे मला कळत होतं, त्यालाही कळत होतं आणि पलीकडे त्याच्या आईलाही.

"टाक रे!" लिओंटीन किंचाळली. "बाळा, टाक ती!"

त्याने मला सोडलं. मी उतारावरून घसरत पाण्यात गेले.

बुडता बुडता मी लिओंटीनचा आवाज ऐकला. "ते इंजिन बंद करा! दोन मिनिटं बंद करा, म्हणजे ऐकू येईल तुम्हाला! तो आतून ठोकतोय!"

इंजिन बंद झालं नाही. "सगळे असंच सांगतात," कुणीतरी म्हणालं. "दुसरी बोट येईल, ती बघेल." कर्टिसचे हात मागे बांधले, लिओंटीनला बोटीत घेतलं, आणि बोट गेली.

मी पर्सीच्या घराच्या भिंतीला टेकून चिखलात रुतले. पाण्यात आवाज लांब जातो आणि लाकडातून अधिकच. ठक ठक मला स्पष्ट ऐकू येत होती. ती थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. दुसऱ्या बोटीची मीही वाट पाहिली. मग ठोके विरळ झाले. एका ठोक्यानंतर मी पुढच्याची वाट पाहत राहिले, आणि तो आला नाही.

पाणी ओसरलं. लोक आले, पर्सीला घेऊन गेले आणि त्याच्या दारावर रंगाने मोठी फुली मारून खाली एकचा आकडा, म्हणजे आत एक मृत, लिहून गेले. जन्मभर लोकांच्या दारांवर पत्ते वाचत फिरलेल्या माणसाच्या दारावर सरकारने एवढंच लिहिलं.

पुढे लिओंटीन परतली. चिखलातून तिनेच मला उपसून काढलं. कर्टिसला चोर म्हणून पकडलं होतं, मग सोडून दिलं. मदतछावणीत तिला वर्तमानपत्रात एक फोटो दिसला होता: दुसऱ्या कुठल्याशा वस्तीतला गोरा माणूस, छपरावर उभा, हातात कुऱ्हाड. खाली लिहिलं होतं, शेजाऱ्यांचा तारणहार. "शाबास त्याची," लिओंटीन मला फडक्याने पुसत म्हणाली. "खरंच शाबास. माझ्या पोराच्या हातात तीच कुऱ्हाड असली की तिचं नाव बदलतं, एवढंच."

कालव्याला पुन्हा नवी भिंत झाली आणि पुन्हा चर्चच्या हॉलमध्ये एक साहेब आला. तो चांगला बोलत होता. मी लिओंटीनच्या बाजाराच्या पिशवीत होते. साहेबाने विचारलं, कुणाला काही शंका?

लिओंटीन उठली. "तो पंखा बंद करा."

"मॅडम, उकाडा—"

"बंद करा."

पंखा थांबला. तिने मला पिशवीतून काढलं, उलटी धरली आणि माझ्या दांड्याने बाकावर ठोकलं. ठक. ठक. ठक. मागे कर्टिसने तोंड हातांत लपवलं.

"एवढाच आवाज होता," ती म्हणाली. "आता मला सांगा साहेब, तुमच्या घरी माळ्यावर कुऱ्हाड आहे?"

साहेब गोंधळला. "नाही. आमच्या भागात तशी गरज पडत नाही."

"तेच विचारायचं होतं," लिओंटीन म्हणाली आणि खाली बसली.

आता लिओंटीन नाही. तिच्या नातीने, नेओमीने, त्याच जागेवर घर बांधलं आहे. मी पुन्हा माळ्यावर आहे, दोन नव्या खिळ्यांवर. गल्लीत कुणी परत राहायला आलं की नेओमी केक नेते आणि सोबत एक कुऱ्हाड नेते. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती वर येते, मला तेल लावते, तुळईवर आपटते आणि आजोबांच्या शिव्याही देते.

मित्रांनो, ज्या वस्तू संकटासाठी ठेवल्या आहेत त्यांना संकटाआधी विचारत जा. कुऱ्हाडीचा दांडा सुकतो, भिंतीचा पाया खचतो, आणि न बघणाऱ्याला दोन्ही कळत नाहीत. आणि तुमच्यातलं कुणी मोठं होऊन कधी बोटीत बसलं, बुडत्या वस्तीत गेलं, तर माझं एक ऐका. बंदूक नंतर उचला. माणसाचा रंग तर बघूच नका. आधी इंजिन बंद करा.

रात्री वारा सुटला की मी अजून कान देते. शेजारी आता नवं घर आहे, त्यात लहान मुलं आहेत, ती उड्या मारतात, दारं आपटतात. प्रत्येक आवाजाला मी दचकते, मग मोजते. एक ठोका झाला की पुढचा येतो. येत राहतो तोवर मला बरं वाटतं.