राखून ठेवलेला फास

माझ्या सासऱ्याने, क्रिसांतोने, मला जनावरावर दोर टाकायला शिकवलं त्याला सव्वीस वर्षं झाली. सव्वीस वर्षांत तो मला एकदाही 'चांगलं केलंस' म्हणालेला नाही. माझ्या बायकोला, लिब्रादाला, मात्र त्याने शिकवायला घेतलं आणि तिसऱ्याच दिवशी अंगणातून त्याचा आवाज आला, "अस्सं! अस्सं, पोरी!" मी तेव्हा कुंपणाला काटेरी फांद्या बांधत होतो. हातातली फांदी तिथेच टाकली आणि पाणी प्यायला आत गेलो. तहान मुळीच लागली नव्हती.

लिब्रादा शेचाळीस वर्षांची आहे. दोर तिला नवीन नाहीत. आमच्या डोंगरात दोर कच्च्या चामड्याचा, चार वाद्या विणून, वर चरबी चोळून केलेला असतो आणि आमच्या घरातले सगळे दोर तिनेच विणलेत. पण टाकायचं काम पुरुषांचं. जनावरांना मालकीचा डाग द्यायच्या दिवशी आम्ही जनावरं पाडायची आणि तिने चुलीपाशी रोट्या भाजायच्या, हे ठरलेलं. मग आमचे दोन्ही मुलगे किनाऱ्यावरच्या हॉटेलांत थाळ्या उचलायला निघून गेले. माझा जोडीदार होता शेजारचा बाउदेलियो. फेब्रुवारीत तो घोड्यासकट घसरला आणि कंबरेचं हाड मोडून घेऊन बसला. रानटी जनावर पाडायला दोघं लागतात. एकाने दोराने शिंगं धरायची, दुसऱ्याने मागचे पाय. आता दुसरा कोण?

"लिब्रादा टाकेल," म्हातारा सासरा जेवताना म्हणाला.

मी हसलो. हसणारा मी एकटाच होतो.

मला कसं शिकवलं होतं ते सांगतो. झाडाच्या बुंध्यावर बोकडाची कवटी ठोकलेली. उजाडल्यापासून तिच्यावर फास टाकायचा. चुकला की दोराचं टोक पोटरीवर. माझं नाव चेमो, पण त्या काळात त्याच्या तोंडी मी नुसता 'बोकड' होतो. सात महिन्यांनी त्याने मला घोड्यावर बसू दिलं. पहिलं खरंखुरं वासरू पकडलं तेव्हा मी छाती फुगवून त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "वासराची चूक झाली."

आणि आता? आता तो तिच्यासाठी सावलीत स्टूल टाकून बसायचा. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हातभर अंतरापलीकडचं त्याला काही दिसत नाही. तो फासाचा आवाज ऐकून सांगायचा, नाहीतर उठून तिचं मनगट हातात घ्यायचा.

"सैल. माशी हाकलतेस ना, तेवढंच बळ. आता फास बसला, दोर खोगिराच्या पुढच्या खुंटाला गुंडाळ. अंगठा कुठाय?"

"वर आहे, बाबा."

"वरच राहू दे. खाली गेला तर दोराखाली सापडेल आणि जन्मभर नऊ बोटांनी रोट्या थापशील. आणि ओढ बसली की अडवून धरायचं नाही. चामडं आहे, हिसक्याने तुटतं. खुंटावरून सरकू दे. सोड, धर. सोड, धर."

हे सोड-धर मला कुणी सांगितलं होतं? मी दोन दोर तोडले, दोनदा मार खाल्ला, तेव्हा मला कळलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तिथे जाऊन म्हणालो, "मामा, हे मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

"बोकडाने काय विचारायचं?"

लिब्रादा तोंड फिरवून हसली. म्हाताऱ्याला ऐकू गेलंच नाही, किंवा त्याने तसं दाखवलं.

पायांचा फास तर फेकायचा नसतोच, मांडायचा असतो. तो पोटाखाली असा उभा ठेवायचा की जनावराने आपणहून त्यात पाऊल टाकावं. मला त्याला दोन वर्षं लागली. तिला दोन महिन्यांत जमलं. मी मनात म्हणायचो, शेळी चुकून अडकली, वारा होता, घोडी शहाणी आहे. रोज नवीन कारण काढायचो.

एके सकाळी कॉफी मी केली. ती एक घोट घेऊन माझ्याकडे बघत राहिली.

"चेमो, किती जळशील?"

"मी कशाला जळू?"

"कॉफीत मीठ घातलंयस."

मी माझा पेला हट्टाने शेवटपर्यंत प्यालो. पण खरं ते खरं, मी जळत होतो. मुलीचं कौतुक बापाने केलं तर जावयाने का जळावं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. उत्तर एवढंच होतं की ते कौतुक माझं होतं. मी रांगेत आधी उभा होतो.

डाग द्यायचा दिवस आला. शेजाऱ्यांनी कुत्र्यांच्या मदतीने दरीतली जनावरं हाकून कुंपणात आणली. म्हातारा दगडी भिंतीपाशी स्टुलावर बसला होता. शेजारी कुबड्या टेकून बाउदेलियो, डोळ्यांनी दिसेल ते त्याला सांगायला. पहिलाच निघाला तीन वर्षांचा पट्टेरी वळू, ज्याला माणसाचा वासही माहीत नव्हता.

"शिंगं लिब्रादा," म्हातारा ओरडला. "पाय चेमो."

पायांचं काम जास्त अवघड असतं, मान्य. पण सगळे बघतात ते शिंगांकडे.

तिने फास टाकला. वळवळला नाही, हलला नाही, टोपी ठेवावी तसा शिंगांवर जाऊन बसला. तिने खुंटाला दोन वेढे दिले, अंगठा वर. वळू फिरला आणि थेट माझ्यासमोरून आडवा गेला. मागचे पाय फाकलेले, अंतर चार हात. माझा फास हातात फिरत होता. असा फास माझा शंभरात एकदा चुकतो.

मी टाकला नाही. हात खाली घेतला.

चुकून नाही. मला वाटलं, ओढू दे तिला जरा. फरफटू दे. म्हाताऱ्याला कळू दे पुरुषाचं काम काय असतं. असंच वाटलं, यात एक अक्षर वाढवलेलं नाही.

वळूने हिसका दिला. तिची घोडी पुढचे पाय रोवून फूटभर घसरली. दोर खुंटावरून सरकू लागला, लाकडातून धूर निघाला.  पण तिने सोडलं, धरलं, सोडलं, धरलं. वळूच्या पाठीवरून तिने माझ्याकडे पाहिलं. माझा खाली गेलेला हात तिने पाहिला.  तिसऱ्या फेरीला वळू थकला, तेव्हा मी फास मांडला, दोन्ही पाय आले आणि धूड आडवं झालं.

डाग देऊन झाला. म्हाताऱ्याने आम्हा दोघांना बोलावलं. बाउदेलियोने सगळं सांगितलेलं असणार. मी घोड्यावरून उतरलो. म्हाताऱ्याने चाचपडत माझी बाही धरली.

"पहिल्याच फेरीला पाय समोर आले होते?"

"आले होते, मामा."

"आणि तू टाकला नाहीस."

"नाही टाकला."

 माझी बाही न सोडता तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "मी टाकला असता. इथल्या कुणीही टाकला असता. तिथेच वळू पडला असता आणि पोरगी काही न शिकता घरी गेली असती. तू फास राखून ठेवलास, तिला दोर सोडायला वेळ दिलास. मी तुला मारून मारून शिकवलं रे. असं थांबून शिकवणं मला जन्मात सुचलं नाही. तू माझ्यापेक्षा मोठा उस्ताद निघालास."

शेजाऱ्यांनी टोप्या काढल्या. बाउदेलियोने कुबडी आपटून दाद दिली. सव्वीस वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते सगळं एकदम माझ्या पदरात पडलं होतं, आणि मला ते ना घेता येत होतं, ना परत देता येत होतं. 'मामा, तसं नाही' एवढे तीन शब्द पुरले असते. 

लिब्रादा बाजूलाच उभी होती. तिच्या उजव्या तळव्यावर दोराने कातडं सोलून निघालं होतं. तो हात तिने रुमालात धरला होता. मी तिच्याकडे पाहिलं. म्हटलं, आता सांगेल. सांगू दे एकदाचं.

"हो बाबा," ती म्हणाली. "त्याच्यामुळेच शिकले."

मग रुमाल दातांनी आवळून तिने हाताला गाठ मारली, घोडीवर चढली आणि माझ्याकडे वळली.

"चल, पुढचा वळू काढायला सांग. आता शिंगं तू धर. मागे मी आहे."