लाकडी बंदुकीवरची चार बोटं

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. घाबरू नका, माझ्यातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही. मी नुसती लाकडाची. उदगीरच्या एका फोटो स्टुडिओत माझं आयुष्य गेलं. तरीही माझ्यामुळे एका बाईच्या काळजाला जी जखम झाली, ती काही भरली नाही.

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. स्टुडिओचे मालक बसलिंगप्पा यांनी वर्तमानपत्रातलं चित्र दाखवून सुताराकडून मला बनवून घेतलं. अंग सागवानाचं, पट्टा खऱ्या चामड्याचा, आणि खऱ्या बंदुकीला जिथे गोळी आत सारणारा लोखंडी बोल्ट असतो तिथे नुसता काळा रंग. माझ्या दस्त्यावर लाकडाची एक गाठ होती. "राहू द्या मालक, फोटोत कोण बघतंय!" असं म्हणून सुताराने ती तशीच ठेवली.

मला पहिल्यांदा हातात घेतलं ते रामकिशनने. देवणीजवळच्या खेड्यातला हा तरणाबांड गडी महार पलटणीत होता आणि रजेवर आला होता. सोबत नवी नवरी, नागुबाई. अंगावर कडक इस्त्रीचा खाकी पोशाख, टोपीवर पितळी बिल्ला. मला उचलून तो हसायलाच लागला.

"नागू, लई हलकी हाय गं! खरी पलटणीत जमा करून आलोय. रजेवर बंदूक कोण देतंय?"

बसलिंगप्पांनी गिऱ्हाइकांना बसायची मधली खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि त्याला उभं राहायला सांगितलं. रामकिशन छाती काढून उभा राहिला, आणि मला इतकं घट्ट धरलं की मला वाटलं, आपण खऱ्याच आहोत. तो गेल्यावर बसलिंगप्पांनी मला पाण्याने धुतलं. पुढे किती हात लागले मला! कुणाच्याही नंतर मला धुतलं नाही. त्या दिवशी बोल्टचा रंग पाण्याने ओघळला, तो डाग अजून आहे.

रामकिशन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला, तो परत आलाच नाही; नागुबाईच्या पोटातलं मूल त्याने पाहिलंच नाही.

मी मात्र मिरवत राहिले. नवरदेव, पाटलांची पोरं, नाटकवाली मंडळी, ज्याला त्याला मला घेऊनच फोटो हवा. खोटं कशाला सांगू, मला मोठा गर्व झाला होता. मग बहात्तरचा दुष्काळ पडला. लोकांना प्यायला पाणी मिळेना, फोटो कोण काढणार? बसलिंगप्पा वारले, त्यांच्या मुलाने, गुरुलिंगने, मला माळ्यावर टाकलं. दहा वर्षं मी धूळ खाल्ली.

नंतर लातूर जिल्हा नवा झाला. त्या आनंदात गावातल्या एका कमिटीने ठरवलं, की तालुक्यातून महायुद्धात गेलेल्या शिपायांची नावं एका दगडावर कोरायची. पुराव्याला जुने फोटो आले. गुरुलिंगकडे मोठं भिंग होतं, म्हणून फोटो तपासायला मंडळी स्टुडिओतच बसली. पारखी होते व्यंकटराव, निवृत्त कवायत मास्तर. बंदूक आणि बिल्ला बघून पलटण सांगतो, असा त्यांचा दावा होता.

नागुबाई आपली नात पंचशीला हिला घेऊन आली. आता केस पांढरे झाले होते. तिने पत्र्याच्या डबीतून फोटो काढला.

"पलटणीचे कागद कुठंयत?" व्यंकटरावांनी विचारलं.

"दुष्काळात खडी फोडायला गेलते साहेब. घर बंद व्हतं. कागद वाळवीनं खाल्ले. ह्यो तेवढा माझ्यासंगं व्हता."

व्यंकटरावांनी भिंग धरलं. "अहो, हिला बोल्टच न्हाई! ही खोटी बंदूक हाय. बिल्ला बी आताच्या महार पलटणीचा न्हाई."

गुरुलिंग वाकून बघू लागला. त्याला माझी गाठ दिसली. "अरेच्चा, ही तर आमचीच!" असं म्हणत तो शिडीवर चढला आणि मला खाली घेऊन आला. बिचाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. पण सगळी मंडळी खो खो हसली. "नाटकातला शिपाई!" कुणीतरी म्हणालं.

"बंदूक खोटी असंल, रजेवर खरी देत न्हाईत," नागुबाई म्हणाली, "माणूस खरा हाय माझा."

कुणी ऐकलं नाही. तिने माझ्यावरून हात फिरवला आणि ती निघून गेली. मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर! रजेची ती गोष्ट ऐकलेली, तिच्याशिवाय, मी एकटीच साक्षीदार होते, आणि माझं तोंड नुसतं लाकडाचं.

महिन्याभराने ती पुन्हा आली. तिने कात्रीने मला फोटोतून कापून टाकलं होतं. "आता खोटं काई न्हाई ऱ्हायलं ह्यात," ती म्हणाली. पण कापताना रामकिशनची बोटंही गेली होती. "फाटका फोटो चालत नाही," व्यंकटराव म्हणाले. दगड उभा राहिला. त्यावर रामकिशनचं नाव नव्हतं.

दोन वर्षांनी साहेबराव नावाचे महार पलटणीतले निवृत्त सुभेदार फोटो काढायला आले. गुरुलिंगने तपासणीच्या दिवशीच नागुबाईने आणलेल्या अख्ख्या फोटोची एक प्रत काढून ठेवली होती, ती त्यांना दिसली. त्यांनी भिंग धरलं ते थेट टोपीवर.

"कोरेगावचा स्तंभ! हा पलटणीचा पहिला बिल्ला हाय. आताचा वेगळा. आन् बंदूक लाकडाचीच असणार की! रजेवर आलेला शिपाई खरी कुठून आणंल?"

प्रत घेऊन गुरुलिंग तसाच देवणीकडे धावला. संध्याकाळी परतला आणि माझ्यासमोर खाली बसून रडला. नागुबाई उन्हाळ्यातच गेली होती.

पंचशीलाने त्याला ती डबी उघडून दाखवली होती. त्यात कापलेला तुकडाही होता, म्हणजे फोटोतली मीच. "आज्जीनं ह्यो तुकडा टाकला न्हाई," ती म्हणाली. "ह्याच्यावर आज्याची बोटं हायत म्हणून."

मित्रांनो, जुने फोटो जपा. भिंग जरूर धरा, बिल्ले ओळखा, बंदुका ओळखा. पण फोटो घेऊन समोर उभं असलेलं माणूस काय सांगतंय, ते आधी ऐका. दगडावर आता रामकिशनचं नाव आहे, सगळ्यात खाली, सुभेदारांच्या साक्षीवरून नंतर कोरलेलं. ते वाचायला नागुबाई नाही. ती चार बोटं मात्र त्या डबीत अजून मला घट्ट धरून आहेत.