मागच्या दाराची काच

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. गाडीच्या मागच्या डाव्या दारात, पत्र्याच्या आड मी राहते. मुठीएवढा माझा जीव. बटण दाबलं की, चावी काढलेली असली तरी, काच खालीवर करायची, एवढंच माझं काम.

म्हसळ्याच्या राहुलने गाडी घेतली त्या दिवशी त्याच्या आईने, ठमाबाईंनी, माझं बटण दाबून पाहिलं. काच सरसर खाली गेली. "बाय माझे! हात न लावता!" म्हणत त्या पोरीसारख्या हसल्या. त्यांचे गुडघे दुखायचे. देवळाला, दवाखान्याला त्या माझ्याच दाराशी बसून, वाऱ्याला तोंड देत जायच्या. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

पण खारा वारा कुणाला सोडतो? एका पावसाळ्यात ड्रायव्हरजवळच्या मुख्य बटणात, जिथून सगळ्या काचांना वीज मिळते, पाणी शिरलं आणि चारही काचा बंद त्या बंदच राहिल्या. राहुलची बायको सुचिता म्हणायची, "अहो, गॅरेजला दाखवा ना." तो म्हणायचा, "एसी हाय ना! काचा उघडतोय कोण?" मी अंधारात गंजत पडले.

एका दुपारी मायलेक हरिहरेश्वरला गेले. ठमाबाई देवळात कशाबशा जाऊन आल्या, पण प्रदक्षिणेची वाट समुद्राकाठच्या कातळावरून जाते. राहुलने त्यांना मागच्या सीटवर बसवलं. "आये, तू बस. मी फेरी मारून आलोच." सवयीने त्याने गाडीला कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली. आपल्या लहान मुलीसाठी त्याने मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावून ठेवलं होतं. ती दारं आतून उघडत नसत.

भरती चढत होती. एका लाटेने राहुलला कातळावरून ओढून नेलं. हे मला मागाहून, माणसांच्या बोलण्यातून कळलं.

गाडी उन्हात तापत गेली. ठमाबाई माझं बटण पुन्हा पुन्हा दाबत होत्या, पण माझ्यापर्यंत वीजच पोचत नव्हती. दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांना पुढच्या सीटवरही जाता येईना. मग त्या तळव्याने काच बडवू लागल्या. हळूहळू तेही थांबलं.

समोर नारळपाणी विकणाऱ्या नूतनची गाडीकडे नजर गेली. ती कोयता घेऊन धावली. "मावशे, तोंड फिरव तिकडं! काच फोडते मी!" कोयत्याच्या पाठीचे घाव बसले आणि काचेचा चुरा माझ्या अंगावर सांडला. नूतनने आत हात घालून ठमाबाईंच्या तोंडाला पाणी लावलं.

"माझा राहुल कुठं हाय गो?"

'माणूस वाहून गेला' असं ओरडत कातळाकडे धावणारी माणसं नूतनने पाहिली होती. "येल हां. आधी पाणी पी," एवढंच ती म्हणाली आणि तिथेच त्यांच्यापाशी बसली.

दुसऱ्या दिवशी राहुल सापडला, खाडीच्या तोंडाशी.

पुढे सुचिताने गाडी गॅरेजला नेली. सदा मेकॅनिकने दाराचं आवरण काढलं, काचेचा कण न् कण वेचला, मला साफ करून ग्रीस लावलं, नवी काच आणि नवं मुख्य बटण बसवलं. जुनं बटण त्याने सुचिताच्या हातावर ठेवलं.

"एवढंच बिघडलं होतं?" तिने विचारलं.

"एवढंच, ताई."

ती ते मुठीत धरून तिथल्या बाकावर कितीतरी वेळ बसून राहिली. सदा दुसऱ्या गाडीकडे गेला.

वर्षश्राद्ध झाल्यावर ठमाबाईंनी सुनेला गाडी हरिहरेश्वरला न्यायला लावली. नूतनच्या नारळपाण्याच्या गाड्यापाशी त्यांनी बटण दाबलं. मी जपून काच खाली घेतली. नूतन जवळ आली, पण तिला मान वर करवेना.

"मावशे, त्या दिवशी मला ठाव होतं. मी खोटं बोलले."

ठमाबाईंनी खिडकीतून तिचा हात धरला. "मला बी कळलं होतं गो. तुझं तोंड बघून. पण तू बसलीस माझ्यापाशी."

मित्रांनो, बिघडलेली वस्तू छोटी म्हणून उद्यावर टाकू नका. आणि बंद गाडीत माणूस ठेवून जाऊ नका, क्षणभरासाठीसुद्धा. आम्हा यंत्रांना हाक मारता येत नाही.