न कापलेली पानं

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे, बैलाच्या हाडाची. घाबरू नका! माझ्याने लोणीसुद्धा धड कापलं जायचं नाही. मी फक्त कागदाची.

एका कंगवे करणाऱ्या कारागिराने उरलेलं हाड घासून घासून मला घडवलं. त्या काळी कादंबऱ्या यायच्या त्या पानं एकमेकांना जोडलेल्या. मोठा कागद घड्या घालून तसाच शिवलेला असायचा. वाचणाऱ्याने घडी कापली की पुढची पानं मोकळी. थोडक्यात, माझ्याशिवाय गोष्ट पुढे सरकायची नाही, आणि याचा मला भारी तोरा होता.

मी ज्या घरी गेले, तिथे जेवणं उरकली की सगळे दिव्याभोवती बसायचे. थोरली मुलगी मोठ्याने वाचायची, आई शिवण घेऊन बसायची, धाकटी एकमेकांना चिमटे काढायची. "असल्या पुस्तकांनी मुली बिघडतात," असं वडील म्हणायचे, आणि कान मात्र टवकारलेले! घडी आली की थोरली मला उचलायची. सर्रकन आवाज व्हायचा, घर चिडीचूप व्हायचं. काय दिवस होते ते!

मग तीन भागांची एक कादंबरी आली. तिसऱ्या भागात नायिकेने घरच्यांनी ठरवलेल्या मुलाला भर बैठकीत नकार दिला. आमच्या थोरलीचंही लग्न तेव्हाच घाटत होतं. वाचता वाचता तिचा आवाज थरथरला. वडील ताडकन उठले, तिच्या हातातून मला हिसकावलं आणि खणात टाकून कुलूप लावलं. "बास झालं वाचन!" पुढे काय झालं, मला काहीच कळलं नाही. खणातल्या काळोखात मी तिच्या काळजीने झुरत राहिले.

यथावकाश ते घर मोडलं. पुस्तकांबरोबर मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात आले. तिथे मला कुणी ओळखेना. एका गृहस्थांनी तर मला घेऊन पाठ खाजवली, आता बोला! शेवटी एका संशोधक मुलीने मला ओळखलं. सतत पुस्तकं वाहायची म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. जुन्या कादंबऱ्या आणि घरातलं जगणं, हा तिचा विषय.

चर्चासत्राच्या दिवशी मुंगीने मला सगळ्यांना दाखवायला आणलं. घरच्या जुन्या पत्रांवरून तिचं म्हणणं असं, की आमच्या थोरलीने कादंबरी शेवटपर्यंत वाचली, म्हणूनच तिने ठरलेलं लग्न मोडलं. लग्न मोडलं! मला तर तेव्हा कळलं. मुंगीचा निबंध आज टिकला तरच तिचं संशोधन पुढे चालणार होतं, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

तिसरा भाग दुरुस्तीला गेला होता, मुंगीने तो पाहिलाच नव्हता; तो नेमका त्याच सकाळी परत आला. मुंगीने शेजारच्या खोलीत तो उघडला आणि मटकन खालीच बसली. अर्ध्यापासून पुढची पानं जोडलेलीच! बाहेर खुर्च्या सरकत होत्या, माणसं जमत होती.

"मेले गं," ती बरोबर आलेल्या मैत्रिणीला म्हणाली. "तिने हे वाचलंच नाही."

"अगं, मग काप ना! सुरी आहे, पुस्तक आहे. कोण बघतंय?"

"नवी कड पांढरी दिसेल."

"चहाचं बोट फिरव कडेवरून. वेड्यासारखी रडत काय बसलीस?"

मुंगीने मला उचललं. किती वर्षांनी मी घडीत शिरत होते, पण हे काम चोरीचं होतं. नको गं, नको, असं मी ओरडत होते. हाडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? कागद जरासा चिरला, आणि माझं टोक कशाला तरी अडलं.

तिने घडी दाबून नळीसारखी केली, मोबाइलचा उजेड आत टाकला आणि डोळा लावला. आत मेणाचा थेंब होता.

न कापलेल्या पानांच्या आत मेण पडेल कसं? कुणीतरी घडी अशीच फुगवून, मेणबत्ती तोंडाशी धरून, वाकून वाकून वाचलं असणार. अगं थोरले! मी कुलपात होते आणि तू माझ्यावाचून वाचत होतीस!

मुंगीने मला खाली ठेवलं. "चल," ती म्हणाली, "आहे तसंच सांगते."

तिने सभेत जोडलेली पानं आणि आतला मेणाचा थेंब दाखवला. परीक्षक म्हणून आलेल्या पाहुण्या बाई फार कडक. त्यांनी पुस्तक निरखलं. "ही चीर ताजी आहे. तुम्ही सुरी घातली होती?"

मैत्रीण डोळ्यांनी नको नको म्हणत होती. "हो," मुंगी म्हणाली. " कापणार होते. थेंब आडवा आला म्हणून थांबले."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, उजेड मागून घेतला आणि एकेका घडीत डोकावू लागल्या. मुंगी उभीच होती.

"चिरेबद्दल तुमच्याशी वेगळं बोलेन, आणि ते तुम्हाला आवडणार नाही," बाई मान वर न करता म्हणाल्या. "आता बसा आणि लिहून घ्या. थेंब पार शेवटच्या पानापर्यंत आहेत."

मित्रांनो, मी कापणाऱ्यांच्या जातीची, तरी सांगते. बंद दिसलं की लगेच सुरी उचलू नका. आधी वाकून आत बघा. कुणीतरी तिथे तुमच्याआधी, जीव मुठीत धरून, वाचून गेलेलं असतं.