मुक्कामाचा पत्ता

चॅम्पियनच्या लघवीत स्टेरॉइड सापडलं आणि घरच्यांनी त्यावर डोकं लढवून एक उपाय काढला. ते बायकोनं चुकून त्याच्या पोटात घातलं असं सांगायचं.

चॅम्पियन म्हणजे थाळीफेकीतला देशातला पहिल्या नंबरचा खेळाडू. वय एकतीस, दंड मांडीएवढे आणि डोक्यात हवा त्याहून जास्त. हे नाव त्याच्या आईनंच पाडलं होतं. भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा ती ‘आमच्या चॅम्पियनला पालेभाजी आवडत नाही’ असं सांगायची, जणू भाजीवाला त्या बातमीवाचून अडून बसला होता. चॅम्पियनही नावाला जागायचा. मैदानावर दोन किलोची थाळी साठ मीटरच्या पुढे फेकायचा आणि घरी जेवलेली थाळी जागची हलवायचा नाही.

बायको मोठ्या इस्पितळात फार्मासिस्ट होती. अकरा वर्षं औषधांच्या खिडकीत. तिथे शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात, ती म्हणजे लेबल तीनदा वाचायचं. फळीवरून डबा काढताना एकदा, ट्रेमध्ये पट्टीनं पाच-पाच गोळ्या सरकवून मोजताना दुसऱ्यांदा आणि पेशंटच्या हातात देताना तिसऱ्यांदा, तेही मोठ्यानं. समोर दीडशे माणसांची रांग असो नाहीतर कुणी शिव्या घालत असो, तीनदा म्हणजे तीनदा. अकरा वर्षांत तिच्या हातून एकही चुकीची गोळी गेली नव्हती. तिला दागिन्यांचा सोस नव्हता, मिरवायची हौस नव्हती. मनातल्या मनात मिरवायला तिच्याकडे एवढी एकच गोष्ट होती.

आणि नेमकी तीच या लोकांना हवी होती.

“सोपं आहे, वहिनी,” नणंदेचा नवरा म्हणाला. तो वकील होता. त्याची सगळी वकिली भाडेकरू आणि घरमालक यांच्या भांडणात गेलेली. पण घरचा म्हणून फी घेणार नव्हता, त्यामुळे सासूच्या मते तो फार हुशार होता. “आईंना हाडांसाठी जी गोळी आहे, त्यात हेच स्टेरॉइड असतं. तुम्ही ह्याला सर्दीची गोळी द्यायला गेलात आणि चुकून ती दिलीत. खेळाडूचा दोष नाही असं ठरलं की चार वर्षांची बंदी काही महिन्यांवर येते.”

“आणि माझं काय?” तिनं विचारलं.

“तुमचं काय? तुम्ही थोड्याच थाळी फेकता?”

तिनं शांतपणे समजावून सांगितलं. फार्मासिस्टनं चुकीचं औषध दिल्याचं लिहून दिलं की चौकशी लागते. नोंदणी रद्द होते. नोंदणी गेली की नोकरी जाते, आणि नोकरी गेली की हे क्वार्टर जातं, कारण ते इस्पितळानं तिला दिलंय, चॅम्पियनला नाही. वकिलानं छताकडे पाहिलं. सासूनं, जी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या आपल्या घरातून रोज दुपारी सुनेच्या क्वार्टरमध्ये देखरेखीला यायची, पदरानं नसलेला घाम पुसला.

“एवढं काय धरून बसलीस?” चॅम्पियन सोफ्यावरून म्हणाला. “तशीही दमले दमले करत असतेस. घरी बस आरामात.”

“कुठल्या घरी?”

वकिलानं चुकून गोळी दिल्याच्या कबुलीचा कागद पुढे सरकवला. सही आत्ता नको, सुनावणीत समितीसमोर केलीत तरी चालेल, असं मोठ्या मनानं म्हणाला.

खरं काय ते चौघांनाही माहीत होतं, हीच तर त्यातली गंमत. चार महिन्यांपूर्वी चॅम्पियनच्या बॅगेतून मळके मोजे काढताना तिच्या हाताला एक छोटी बाटली लागली होती. इंजेक्शनची. लेबल नखानं खरवडून काढलेलं. तिला लेबल नसलेल्या बाटलीची जितकी किळस आली तितकी त्या मोज्यांचीही आली नव्हती. “हे काय आहे?” तिनं विचारलं, तर तो म्हणाला, “कोचनं दिलंय. रिकव्हरीचं आहे. तुला नाही कळणार.” जिचं पोट औषधांवर चालतं तिला औषधातलं कळणार नाही, आणि ज्याला तापाची गोळी जेवणाआधी की नंतर हे अजून विचारावं लागतं त्याला कळणार. ती तेव्हा गप्प बसली. त्या गप्प बसण्याची तिला आता लाज वाटत होती. कोच मात्र शहाणा निघाला. निकाल आला त्या दिवसापासून त्यानं फोन उचलणंच सोडलं.

सुनावणीच्या चार दिवस आधी घरात तालीम झाली. वकिलाचं म्हणणं होतं की सगळं गुळमुळीत ठेवायचं. त्या आठवड्यात केव्हातरी दिली, नक्की आठवत नाही, बस्स. पण सासूला हे पटेना. एवढ्या मोठ्या प्रसंगात आपल्याला काहीच वाक्य नाही, हे तिला कसं सहन व्हावं?

“केव्हातरी काय? मी साक्षीदार आहे ना,” ती म्हणाली. “बुधवारची संध्याकाळ. सात वाजलेले. मी इथेच टेबलाशी वाटाणे सोलत बसले होते. चॅम्पियन शिंकला. दोनदा शिंकला. मग हिनं कपाट उघडलं, डबी काढली आणि न बघता गोळी दिली. मी म्हटलंसुद्धा, अगं बघून दे.”

वकील खूश झाला. नमुना शनिवारी घेतलेला, त्यामुळे बुधवार अगदी चपखल बसत होता. शिंकाही त्याला आवडल्या. दोनच्या तीन कराव्या का, यावर थोडी चर्चा झाली.

“बुधवारी तो इथे नव्हता,” सून म्हणाली. “कँपला होता. मीच भरलंय.”

भरलंय म्हणजे काय, तर मोठ्या खेळाडूंना दर तीन महिन्यांनी पुढच्या प्रत्येक दिवसाचा हिशोब द्यावा लागतो. मुक्काम कुठे, आणि दिवसातला एक तास असा की जेव्हा ते ठरल्या जागी हमखास सापडतील. त्या तासाला तपासणीवाले न सांगता दारात उभे राहू शकतात. सापडला नाही की खाडा. वर्षात तीन खाडे झाले की मग लघवीत काही असो वा नसो, बंदी येतेच. चॅम्पियनचे दोन खाडे आधीच झालेले. पहिल्या वेळी तो घोरत होता आणि बेल ऐकू आली नाही. दुसऱ्या वेळी एका जिमची फीत कापायला गेला होता. दुसऱ्या खाड्यानंतर त्यानं फोन बायकोकडे दिला आणि सांगितलं, “हे तूच भरत जा. तुझं अक्षर चांगलं आहे.” फोनवर टाइप करायचं असतं, त्यात अक्षराचा काय संबंध, हे त्याला कोण सांगणार? तेव्हापासून ती भरत होती. एकेक दिवस, एकेक पत्ता. आणि अर्थातच तीनदा वाचून.

“तू मध्ये फाटे फोडू नकोस,” सासू म्हणाली. “तुला विचारलं की फक्त मान हलव. बाकीचं आम्ही बघतो.”

“हो, तू नको डोकं चालवू,” चॅम्पियन म्हणाला.

तिनं एकदा सांगून पाहिलं होतं. कुणी ऐकलं नाही. मग तिनं दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

सुनावणी एका ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि खोकल्यासारखा आवाज करणारा एसी. पलीकडे तिघं बसले होते. मधोमध निवृत्त न्यायाधीशबाई, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला कधीकाळची एक धावपटू, जी सारखं पेनचं टोपण काढत होती आणि लावत होती. चॅम्पियननं कोट घातला होता. त्याच्या खांद्यांवर तो कोट बिचारा जीव मुठीत धरून होता.

सासूची साक्ष आधी झाली. काय रंगली म्हणून सांगू! वाटाणे आले, टेबल आलं, घड्याळात सातचे ठोके पडले. घरात ठोक्यांचं घड्याळच नव्हतं; पण साक्ष तिची होती, आपण कोण मोडता घालणार? शिंका शेवटी चार झाल्या. आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांना पदर लावून ती म्हणाली, “माझी सून वाईट नाही हो. पण धांदरट आहे. पहिल्यापासून धांदरट आहे.”

सून खाली मान घालून बसली होती. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खोटं बोलणार हे माहीत होतं. धांदरट हा शब्द तालमीत नव्हता.

“बुधवारी संध्याकाळी सात वाजता तुम्ही घरी होता?” न्यायाधीशबाईंनी चॅम्पियनला विचारलं.

“हो मॅडम. घरीच. शंभर टक्के.”

“रात्रीही?”

“हो, रात्रीही. सर्दी होती ना.”

डॉक्टरांनी फाइलमधलं एक पान उलटलं आणि बाईंपुढे सरकवलं. बाईंनी चष्मा लावला.

“इथे तर त्या बुधवारचा मुक्काम कँपचा दाखवलाय. इथून सहा तासांवर. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत.” त्यांनी वर पाहिलं. “तुम्ही कँपला असाल तर घरी गोळी घेतली नाहीत. घरी असाल तर मुक्काम खोटा कळवलात. यातलं कुठलं लिहून घेऊ?”

चॅम्पियननं वकिलाकडे पाहिलं. वकिलानं कागदांकडे पाहिलं. भाडेकरूंच्या खटल्यांत अशी पंचाईत कधी आली नव्हती. सासू “म्हणजे काय झालं?” असं सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजली. मग वकिलाच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला.

“मॅडम, ते भरण्याचं काम वहिनींकडे आहे,” तो म्हणाला. “तेही त्यांच्याकडून चुकलं असणार. आत्ताच ऐकलंत ना, जरा धांदरट आहेत.”

चॅम्पियननं जोरजोरात मान हलवली. “हो, हो. तिनंच चुकीचं भरलं. मी सांगितलं होतं नीट भर म्हणून.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. आठ वर्षांचा संसार. डबे भरले, मोजे धुतले, दुखऱ्या खांद्याला पहाटे उठून शेक दिला. इथे येईपर्यंत तिच्या मनात कुठेतरी एक कोपरा होता, की अगदीच गळ्याशी आलं तर करावी सही, आपलाच माणूस आहे. तो कोपरा आता रिकामा झाला. तिला रडू आलं नाही. आपण या माणसासाठी सही करायला निघालो होतो, याचीच तिला शिसारी आली.

“तुम्ही सांगा,” न्यायाधीशबाई तिला म्हणाल्या.

ती उभी राहिली. उभं राहायची गरज नव्हती, पण खिडकीत अकरा वर्षं ती उभ्यानंच बोलत आली होती.

“मी चुकीचं भरलेलं नाही. तो बुधवारी कँपला होता. मी त्याला कुठलीही गोळी दिली नाही, चुकूनही नाही. आईंच्या गोळ्या त्यांच्या घरी असतात, माझ्या कपाटात नाहीत. चार महिन्यांपूर्वी त्याच्या बॅगेत लेबल खरवडलेली इंजेक्शनची बाटली होती. कोचनं दिली असं तो मला म्हणाला होता. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, नाही बोलले. एवढंच.”

पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला. त्यानंतर बराच वेळ ते पेन टेबलावर पडून होतं.

महिन्याभरानं निकालाचं पत्र आलं. स्टेरॉइडची चार वर्षं, आणि समितीपुढे बनाव रचला म्हणून वर दोन. वकील म्हणाला, वहिनींनी घात केला, नाहीतर केस जिंकलीच होती. सासूनं सुनेच्या घरी येणं बंद केलं आणि ही शिक्षा आहे असं तिला स्वतःला वाटत होतं. चॅम्पियन आठवडाभर तोंड फुगवून सोफ्यावर पडून राहिला. कोचला एक शिवी, समितीला दोन आणि उरलेल्या सगळ्या बायकोला, असा त्याचा दिवस जायचा.

आठव्या दिवशी, ती ड्यूटीवरून येऊन पाणी पीत होती तेव्हा, त्यानं फोन तिच्यापुढे धरला.

“उद्यापासून नवी तिमाही आहे. भरून टाक.”

“बंदीतसुद्धा भरायचं?”

“परत यायचं असेल तर भरावं लागतं. आणि माझे दोन खाडे अजून चालू आहेत, हे लक्षात ठेव. नीट भर, मागच्यासारखा घोळ नको.”

मग तिनं ग्लास खाली ठेवला, फोन घेतला आणि खुर्चीत बसून भरायला लागली. त्याला बरं वाटलं. बायका अशाच असतात, चार दिवस धुसफुसतात आणि मग येतात ताळ्यावर, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं. तो जांभई देऊन टीव्हीकडे वळला. ती एकेक दिवस भरत होती. सगळं भरून झाल्यावर तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचलं, पाठवलं आणि उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“हे घे. हातात देताना वाचून दाखवते,” ती म्हणाली, आणि खिडकीत वाचते तशी मोठ्यानं, सावकाश वाचायला लागली. “मुक्कामाचा पत्ता.” पुढे तिनं सासूच्या घराचा नंबर, गल्ली आणि मजला वाचला. “तारखा, उद्यापासून तिमाही संपेपर्यंत. ठरलेला तास, सकाळी सहा ते सात.”

“अगं, चुकलं तुझं. हा आईचा पत्ता आहे.”

“चुकलं नाही. तीनदा वाचलंय.”

तो उठून बसला. बऱ्याच दिवसांनी कुणी न सांगता उठून बसला. “बदल ते आत्ताच्या आत्ता.”

“तूच बदल. पासवर्ड तुझ्या आईची जन्मतारीख आहे.”

जन्मतारीख त्याला माहीत नव्हती. कधी माहीत करून घ्यावी असं त्याला वाटलंच नव्हतं.

तिनं आत जाऊन त्याची बॅग आणली. मोजे वरच ठेवलेले होते, धुतलेले. बॅग तिनं सोफ्याशेजारी ठेवली आणि घड्याळात पाहिलं.

“साडेसहा वाजलेत. शेवटची बस आठची आहे,” ती म्हणाली. “उद्या सकाळी सहाला ते तिकडे आले आणि तू नसलास, तर तिसरा खाडा.”